सोळा आणे काडी

पेरूच्या फांदीवरची वाळकी काडी मोडायला पुंजाजीने बोटं लावली, तशी काडी एक पाऊल मागे सरली.

त्याने हात काढून घेतला, चष्मा धोतराला पुसला आणि वाकून पाहिलं. वीतभर काडी, दोऱ्यासारखे पाय, पुढे दोन मिशा. वारा पडलेला, तरी ती वाऱ्यात असल्यासारखी डुलत होती. मग थांबली आणि पुन्हा नुसती काडी झाली.

पुंजाजी घाईने घराकडे निघाला, अर्ध्यातून फिरला, झाडाकडे पाहून पुन्हा निघाला. अडचण अशी, की उंद्री गावात त्याच्या बोलण्याचा भाव ठरलेला होता. त्याने गोष्ट काढली की माणसं आधी विचारत, "किती आने खरं?" आणि तोही इमानदारीने सांगे. बिबट्याने त्याच्याकडे विडी मागितली, ती गोष्ट दोन आणे. त्या दोन आण्यांत बिबट्या बसत नसे, फक्त विडी बसे.

अंगणात त्याचा मुलगा जीवन पंपात औषध कालवत होता. पेरूची पानं कशाने तरी कुरतडली होती, म्हणून आज सगळी परसबाग फवारायची होती.

"जांबाले फवारू नको बापा. तिथं एक काडी जिती हाये. सहा पाय हायेत तिले," पुंजाजी पेरूकडे बोट दाखवत म्हणाला.

"किती आने, बाबा?"

"सोळा."

जीवनचा हात थांबला. हा आकडा घरात कोणी ऐकला नव्हता. शेजारचा फकीर मोहम्मद टेलर गळ्यातल्या टेपसकट कुंपण ओलांडून आला. गीताबाई वांग्याची टोपली घेऊन मागे उभी राहिली. चाळीस वर्षं नवऱ्याची प्रत्येक गोष्ट चारचौघांत खोडून काढणारी बाई ती. तिच्यासमोर पुंजाजी आपणहून दोन आणे कमी सांगायचा.

सगळे पेरूपाशी गेले, पण काडी हलली नाही. पुंजाजी खाकरला, त्याने फुंकर मारली, फांदीला टिचकी दिली.

"मी पाह्यतो हात लावून," जीवन म्हणाला.

"नको. मोडशीन."

"काडीच हाये ना मंग."

"पुंजाजीभाऊ," फकीर मोहम्मद म्हणाला, "चार आन्यात देत असशीन तं घेतो." आणि हसत आपल्या मशीनकडे गेला.

पुंजाजीने झाडाला एक फेरी मारली, मग दुसरी. एरवी त्याला दहा गोष्टी सुचल्या असत्या. नाग, नवस, पुरलेला हंडा. आज जन्मात एकदा हाती खरं लागलं होतं, आणि ते घडीभरात औषधाखाली जाणार होतं.

जीवनने पंप पाठीला लावला. लिंबू झालं, डाळिंब झालं. तो पेरूकडे वळला.

"जांब राहू दे," गीताबाई म्हणाली. "फकीरभाऊच्या समीनाले डोहाळे लागले. आज तोडून देते म्हनलं मी तिले."

गीताबाईला कोणी आणे विचारत नसे. जीवन वर न बघताच पुढच्या झाडाकडे गेला.

पुंजाजीने मात्र वर पाहिलं. बहार सरून महिना झाला होता. झाडावर एक फळ नव्हतं.

ती जवळ आली. "पाचच हायेत."

"काय?"

"पाय. मांगचा एक तुटेल हाये. आठ दिवसांपासून पाहून राह्यली मी." तिने टोपली कमरेवर घेतली. "पंधराच आने झाले."