खड्याच्या नावाखाली

मित्रांनो, न्हाणीघराच्या कोपऱ्यात ओल धरून बसलेले मी एक जुने लाकडी स्टूल आहे. एका सुताराने चौकटीच्या उरलेल्या तुकड्यांतून मला घडवले, एकही खिळा न मारता, नुसत्या सांध्यांवर. बावीस वर्षे तो माझ्यावर चढून कपाटांच्या वरच्या फळ्या बसवत असे. "हे हत्तीलाही पेलेल," असे म्हणून तो मला थोपटायचा. तेव्हा मला किती अभिमान वाटायचा!

मग त्याला लघवीच्या जागी कर्करोग झाला. वर्षभर त्याने तो झाकून ठेवला. शेवटी डॉक्टरांनी पुढचा भाग कापून काढला, म्हणून जीव वाचला. लोकांना मात्र सांगायचे ठरले, मुतखडा. सख्ख्या थोरल्या बहिणीलाही तेच सांगितले.

त्यानंतर उभ्याने धार नीट पडेना. त्याने माझ्या बैठकीला अर्धगोल भोक पाडले आणि मला इथे आणून ठेवले. करवत फिरवताना त्याने मला एकदाही थोपटले नाही. पुढे जखमेचा व्रण आवळत गेला आणि वाट अरुंद झाली. अर्धा अर्धा तास तो माझ्यावर बसून राही, पण पडायचे ते थेंब थेंब. कण्हणे बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तो नळ सोडून ठेवी.

"अहो, वाट मोठी करायचं ऑपरेशन लगेच करू, असं डॉक्टर म्हणालेत ना?" बायको दाराबाहेरून विचारी.

"आणि ताईला काय सांगू? खडा परत उगवला?"

अशी दोन वर्षे गेली. मग ताई राहायला आली.

"पाण्यापुढे खडा टिकतो होय? पी बघू!" ती तांब्यामागून तांब्या पुढे करी.

"ताई, पुरे गं."

"लहानपणी औषध थुंकायचास, तसाच आहेस अजून!"

खोटे उघडे पडेल म्हणून तो पीत राहिला. संध्याकाळी तो माझ्यावर बसला आणि एक थेंबही पडला नाही. पोट ढोलासारखे ताठ झाले होते. बायकोने दार ढकलून त्याला बाहेर नेले.

दवाखान्यात आधी बेंबीखालून नळी घातली. काही महिन्यांनी गालाच्या आतले अस्तर काढून ते लावून लघवीची वाट रुंद केली. ताईला मात्र सांगितले, तिच्या पाण्यानेच खडा पडला. आता धार नीट पडते. पण दोन वर्षे लघवी तुंबून एक मूत्रपिंड कायमचे गेले. "वेळेवर आला असतात तर वाचलं असतं," असे डॉक्टर म्हणाले. मला घासता घासता बायको ते स्वतःशीच पुटपुटत होती.

परवा शेजारचा शिंपी न्हाणीघराच्या खिडकीशी येऊन दबक्या आवाजात सुताराला म्हणाला, "मलाही तुझ्यासारखंच थेंब थेंब होतंय. खडाच असेल ना?"

तेवढ्यात पुन्हा राहायला आलेली ताई आतून ओरडली, "मग पाणी पी की! याचा खडा मीच पाडला!"

सुताराच्या गालातले टाके केव्हाच विरघळले होते. तरी त्याने तोंड उघडले नाही. शिंपी समाधानाने घरी गेला.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी म्हणणार नाही. लाकूड कुजायचे तेव्हा कुजेल. पण दुखणे जिथे असेल, त्या जागेचे नाव घ्यायला लाजू नका. आणि कुणी तुमच्यापाशी येऊन दबक्या आवाजात विचारले, तर निदान त्याला तरी खरे सांगा.