आक्काचं मत

कसबा बावड्याच्या दूध संस्थेपुढं सकाळी किटल्यांची रांग लागली होती आणि वाद पेटला होता. टीव्हीवरच्या सगळ्यात आवडत्या कार्यक्रमाचं बक्षीस लोकांच्या मतांवर ठरणार होतं. एका फोनला एकच मत. जोतीराम म्हणत होता, "कुस्तीचा कार्यक्रमच खरा. 'दोन जावा' मालिका म्हंजे नुसतं रडगाणं हाय."

शेजारच्या आक्कानं आपला फोन त्याच्यापुढं धरला. "रडगाणं तर रडगाणं. आधी माझं मत टाक 'दोन जावा'ला. मला कुठं वाचता येतंय?"

जोतीराम स्वतः पन्नाशीत अक्षरं शिकलेला. वादाच्या भरात त्यानं कुस्तीवर बोट दाबलं आणि म्हणाला, "टाकलं."

आक्का खूश झाली. "आमची धाकली जाऊ गेली ना, तिच्यासंगं बघायची मी. ती असती तर तिनंबी हेच टाकलं असतं."

जोतीरामनं घाईनं तिचा फोन परत दिला. कधीकाळी त्याच्या दुधाची चिठ्ठीही दुसरेच वाचून दाखवायचे, आणि ते सांगतील त्यावर तो मान डोलवायचा. दिलेलं मत आता परत घेता येत नव्हतं. त्यानं गुपचूप स्वतःचा फोन काढला आणि 'दोन जावा'वर बोट ठेवलं.

मागून बंडूनं डोकावलं. "काय पैलवान, 'दोन जावा'ला मत? एवढ्यात चीत व्हय?"

"गप रं," आक्का म्हणाली. "माझ्या जावंचं मत टाकलं त्यानं. असा माणूस मिळायला नशीब लागतंय."

रांग पुढं सरकली. जोतीराम किटली उचलायला वाकला, आणि गरज नसताना बराच वेळ वाकूनच राहिला.