कानडी बंद

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत धान्याचं दुकान असलेल्या गुरुपादअप्पांची मुलगी दानेश्वरी एम. एस्सी. करत होती. विषय मानव विकास आणि कौटुंबिक अभ्यास. एवढं लांबलचक नाव अप्पांच्या तोंडात कधी बसलंच नाही. कुणी विचारलं की ते सांगत, "पोरं सांभाळायचं शिकतीया," आणि वर हसत. ऐकणाराही हसायचा. दानेश्वरी दातओठ खात माडीवर निघून जायची.

पण अठ्ठ्याण्णव सालचा तिचा राग निराळा होता. थोरल्या भावाची, वीरेशची मुलगी सुष्मिता तीन वर्षांची झाली तरी एक शब्द बोलत नव्हती. वीरेशनं तिला इंग्रजी बालवाडीत घालायला नेलं, तेव्हा तिथल्या बाई म्हणाल्या, घरात दोन भाषा असल्या की मूल गोंधळतं, एकच ठेवा. झालं! माल तोलून द्यावा तसा अप्पांनी निकाल दिला. घरात कानडी बंद.

घरात कानडी होती कुणाची? अव्वाची, म्हणजे दानेश्वरीच्या आईची. शांतव्वा माहेरची कर्नाटकातली. चाळीस वर्षं कोल्हापुरात काढूनही तिची मराठी दुकानातल्या हमालांना हसू आणायची. ती सुष्मीला मांडीवर घेऊन कानडी अंगाई म्हणायची, कानडीतच रागवायची, कानडीतच दृष्ट काढायची. त्या दिवसापासून ती गप्प झाली. वर्ष होत आलं. नात जवळ आली की तोंडाला पदर लावायची. आपल्या जिभेनं पोरीचं वाटोळं केलं, हे तिच्या मनानं पक्कं धरलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

कॉलेजात प्रत्येकीला एका मुलाचा वर्षभर अभ्यास करायचा होता. दानेश्वरीनं सुष्मीला घेतलं, आणि महिन्याभरात एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. खाली रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला की शेजारची पोरं दचकायची. सुष्मी खेळत राहायची. बोलणाऱ्याच्या तोंडाकडं मात्र टक लावून बघायची.

"अण्णा, हिला ऐकू येत न्हाय," तिनं वीरेशला सांगितलं.

"खुळी का काय? बघ." वीरेश पोरीच्या मागं उभा राहिला, धाडकन पाय आपटला आणि ओरडला, "सुष्मे!" सुष्मी गर्रकन वळली. "ऐकतीया की!"

"फळ्या हादरल्या म्हणून वळली ती! ही माडी लाकडाची हाय. तू पाय न आपटता हाक मार."

वीरेशनं मारली नाही. त्या घरात आजवर कुणी पाय न आपटता हाक मारलीच नव्हती. वहिनी, सुष्मीची आई, दाराआड उभी राहून नुसती बघत राहिली.

कॉलेजातल्या मॅडमनी बजावलं होतं, कान तपासून घ्या, बोलणं शिकायची हीच वर्षं असतात, गेली की गेली. दानेश्वरीनं ते अप्पांच्या कानावर घातलं. अप्पा शांतपणे म्हणाले, "तुझं लगीन ठरूंदे, मग बघू. घरात भैरं पोर हाय म्हटल्यावर दारात कोण येणार?"

"आणि तवर तिचं वय निघून गेलं तर?"

"आवाज खाली."

दानेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्या लग्नासाठी ह्या पोरीचे कान गहाण! एकटीच सुष्मीला घेऊन दवाखान्यात जाते म्हणाली, तर वीरेशनं त्या दिवसापासून पोरीला तिच्याबरोबर उंबऱ्याबाहेर सोडलं नाही.

पुढच्याच रविवारी पेठ वडगावचे पाहुणे बघायला आले. खालच्या फरशीच्या सोप्यात गादीवर मुलाची आई ऐसपैस बसली. तिनं सुष्मीला मांडीवर घेतलं आणि हातात बिस्कीट दिलं.

"काय शिकतीस गं?" तिनं दानेश्वरीला विचारलं.

"पोरं वाढवायचं," अप्पांनीच उत्तर दिलं.

"अगं बाई! त्याला कॉलेज कशाला? आम्ही काय शिकून वाढिवली व्हय?" सगळे हसले. "आणि ही बाळी का बोलत न्हाय?"

"काय न्हाय, दोन भाषेत गांगरलीया," वीरेश म्हणाला. "आमच्या अव्वाच्या कानडीनं सगळा घोळ झालाय."

कोपऱ्यात उभ्या शांतव्वानं मान खाली घातली. वर्षभर पाहुणारावळा आला की हेच ऐकत होती ती.

दानेश्वरी उठली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा एका हातात पितळी परात होती, दुसऱ्यात लाटणं. कुणाला काही कळायच्या आत ती पाहुणीच्या पाठीमागं गेली आणि तिनं परातीवर लाटणं हाणलं.

पाहुणी किंचाळली. अप्पांच्या धोतरावर चहा सांडला. दुकानातला हमाल धावत आत आला. दानेश्वरीनं पुन्हा हाणलं, आणखी एकदा हाणलं.

सुष्मी पाहुणीच्या मांडीवर बिस्कीट चोखत होती. तिनं मानही वळवली नाही.

"इथं फळ्या न्हाईत, अण्णा," दानेश्वरी म्हणाली. "आता सांग, कुठल्या भाषेत गांगरली?"

पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं. अप्पा कडाडले, "दानेश्वरी! आत हो!"

ती हलली नाही. हलली शांतव्वा. तिनं पाहुणीच्या मांडीवरून नात उचलली, नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि वर्षानं पहिल्यांदा भर सोप्यात कानडीत बोलली.

"नन्न मातिंद अल्ल." माझ्या बोलण्यानं नव्हे.

"गप," अप्पा म्हणाले.

"अल्ल!" ती ओरडली. मग जे सुटलं ते सुटलं. पाहुणेही ह्यांच्यासारखेच लिंगायत, कानडी नात्यागोत्यातले, त्यांना शब्द न् शब्द कळत होता. ते चपला शोधू लागले. माडीवरून वहिनी खाली आली ती दवाखान्याची पिशवी भरूनच. उद्याची वाट बघायला ती तयार नव्हती.

शांतव्वा बोलतच होती. वर्षभराचं साठलेलं होतं, लवकर संपणार नव्हतं. आणि कडेवरची सुष्मी एका हातानं आजीची हनुवटी धरून तिच्या ओठांकडं बघत होती.