प्रेक्षक कुणाचे जास्त?

शिलाई मशीनवर बसलेल्या आईचं डोकं पार उठलं होतं. इकडे बाबांच्या टीव्हीवर बातम्यांचा निवेदक ओरडत होता, तिकडे लेकाच्या मोबाइलवर त्याचा लाडका भाष्यकार. जेवताना तर भांडण ठरलेलंच.

"त्याचा एकेक व्हिडिओ वीस लाख लोक बघतात. तुमच्या चॅनलला एवढे कुठले मिळायला?" लेक डिवचायचा.

"क्षणभर डोकावला की झाला का प्रेक्षक? आमचे लोक तासभर बसून बघतात!" बाबा उसळायचे.

आत्ता ते तासभर बसून बघणारे बाबा खुर्चीत घोरत होते, आणि लेक मोबाइल तसाच बडबडत ठेवून आंघोळीला गेला होता. आईने तणतणत उठून दोन्ही बंद केले.

बाबा दचकून जागे झाले. "अगं, बघतोय ना मी!"

लेक ओल्या डोक्याने बाहेर आला. "आई, ऐकत होतो ना मी!"

"मग सांगा, काय म्हणत होते ते?"

बाबा रिमोट शोधू लागले, लेक डोकं पुसू लागला.

"मी सांगते. शब्द न् शब्द मीच ऐकलाय," आई कडाडली. "या घरात त्या दोघांना मिळून एकच प्रेक्षक आहे, आणि तिला दोघेही नको आहेत!"