सरका, दोर येतोय

नायक घरी परततो तो भाग सांगायचा सगळ्यांनाच कंटाळा. ड्रॅगन मेला, राजाने गळ्यात पदक घातलं, आता उरलं काय? तंगडतोड. मग सांगणारे एका दमात उरकून टाकतात, की तो घरी आला आणि सगळे सुखी झाले. सगळे म्हणजे कोण, हे घरातल्यांना कुणी विचारत नाही.

ह्या गोष्टीतला नायक आला तेव्हा त्याची ताई वाख विंचरत होती. वाख म्हणजे दोर वळायचे धागे. खिळ्यांच्या फणीवर ते ओढायचे, गुंता काढायचा, कचरा झटकायचा, आणि दिवसभर शिंकत बसायचं. बाहेर आरडाओरडा झाला, कुणीतरी ढोल बडवला. तिला वाटलं, कुणाचा तरी बैल सुटला. मग दारात घोडा आला, घोड्यावर चिलखत आणि चिलखतात खोळंबा.

खोळंबा हे घरचं नाव. लहानपणापासून जेवायला हाक मारली की हा छपरावर, आणि कुठे निघायचं झालं की ह्याची एक चप्पल गायब. बाहेर मात्र आता त्याला ज्वालाभंजक म्हणत होते.

"ताई, आलो," तो म्हणाला.

"दिसतंय. घोडं लांब बांध, वाख खातं."

बाबा चाकाजवळच्या स्टुलावरून उठायला गेले, गुडघ्यांनी ऐकलं नाही, परत बसले आणि बसल्या बसल्या रडले. खोळंबाही रडला. चिलखतात रडलं की आवाज घुमतो. ताईला रडायला वेळ नव्हता. तिच्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती: हा राहणार की पुन्हा पळणार?

त्याला कारण होतं. बंदरात एक गलबत लागलं होतं. त्याचा तांडेल दोर न्यायला आला तेव्हा त्याने तिच्या हातचं काम पाहिलं, एक दोर पायाखाली धरून अंगच्या जोराने ओढून पाहिला आणि विचारलं, येतेस का, गलबतावरचे सगळे दोर तुझ्या ताब्यात. वारा फिरला की निघणार, म्हणजे आज ना उद्या. तिने बाबांना सांगितलं. बाबा नाही म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग पाठमोरं चालणार कोण?"

हा प्रश्न फक्त दोरवाल्यांच्या घरातच पडतो. त्यांची शेड एखाद्या गल्लीएवढी लांब. एका टोकाला चाक. एकाने बसून चाक फिरवायचं, दुसऱ्याने कमरेला वाख गुंडाळून त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं आणि बोटांतून धागा सोडत सोडत उलटं चालायचं, पार दुसऱ्या टोकापर्यंत. नजर चाकाकडे. मागे वळून बघायचं नाही, कारण मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की बोटं ढिली पडतात आणि दोर तिथेच बारीक होतो. मागे कुणी असेल तर नुसतं ओरडायचं, "सरका, दोर येतोय." बघायचं काम आपलं नाही, सरकायचं काम त्यांचं. खोळंबाला लहानपणी हे ओरडायची भयंकर लाज वाटायची. तो तोंडातल्या तोंडात पुटपुटायचा आणि शेजारणींना आपटायचा.

बाबांचे गुडघे गेल्यापासून चाक बाबांकडे आणि चालणं ताईकडे.

शेडमध्ये पट्टे, म्हणजे दोर वळत चालायच्या वाटा, दोन, पण वापरात एकच. दुसऱ्यावर खोळंबाचा अर्धा दोर होता. तो पाठमोरा चालत अर्ध्यात आलेला असताना एक दाढीवाला दारात उभा राहिला आणि म्हणाला, तूच तो. हे दाढीवाले माणूस जेवून आडवा झालाय, रिकामा आहे, अशा वेळी कधीच येत नाहीत. हातात काम असलं की बरोबर टपकतात. खोळंबाने तिथल्या तिथे धागा सोडला आणि जगाला वाचवायला गेला. बाबांनी ते टोक मधल्या खांबाला बांधून ठेवलं. धंद्यात असं आहे की ज्याच्या बोटांनी दोर सुरू केला त्याच्याच बोटांनी संपवायचा. प्रत्येकाच्या हाताचा पीळ वेगळा, आणि जिथे हात बदलतो तिथे वजन पडलं की दोर तुटतो. ते खरंच आहे, पण बाबांनी ते निमित्त घट्ट धरून ठेवलं होतं. दोर होता एका घंटेसाठी. घंटेवाल्यांनी वाट बघून बघून साखळी बसवून घेतली. तेव्हापासून त्या दोरावर घरातले कपडे वाळत होते.

संध्याकाळपर्यंत खोळंबाने ड्रॅगन चार वेळा मारला. पहिल्यांदा सगळी गल्ली ऐकायला होती, चौथ्यांदा फक्त बाबा. ड्रॅगन दर वेळी थोडा लांब व्हायचा. ताई ऐकत होती आणि मोजमापात चुका काढत होती. इतका लांब असता तर त्या गुहेत मावला नसता. मग खोळंबाने हळूच विचारलं, की आता त्याने करायचं काय. राजाने जमीन देऊ केली होती, ती त्याने नाकारली होती, मोठ्या रुबाबात. घरी जायचंय, म्हणाला होता. पण घरी येऊन काय करायचं, हे तिथे कुणी विचारलं नव्हतं.

"ते बघ," ताईने अर्ध्या दोराकडे बोट केलं. "माझा परकर काढ त्यावरून आणि संपव."

तो हसला. ती हसली नाही. तिने गलबताचं सांगितलं, सगळं, एका श्वासात. त्याचं हसू उतरलं. तो बाबांकडे बघायला लागला, बाबा चाकाच्या दांड्याकडे.

"मला नाही जमलं तर?"

"तर मी आहेच की इथे. जाते कुठे."

हे तिने असं म्हटलं, की त्याने निमूटपणे परकर काढला.

पहिल्यांदा वाख त्याच्या तलवारीत गुंतला. ही तलवार मोठी नामांकित, संकट जवळ आलं की आपोआप गुणगुणायची. ताईने ती काढून खुंटीला टांगली आणि दोराची शेवटं छाटायला बरी आहे म्हणाली. मग चाक फिरलं. खोळंबा चार पावलं मागे गेला आणि झर्रकन वळला, हात कमरेला, जिथे आता तलवार नव्हती. धागा तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा चालला. बाहेर कुणाची बादली पडली, हा वळला. मांजर गेलं, हा वळला. काहीच झालं नाही, तरी वळला. ताईचं डोकं फिरलं. तिने विंचरायची फणी आपटली आणि विचारलं, मागे काय तुझी सासरवाडी आहे का?

"आम्ही सात जण निघालो होतो," तो म्हणाला. चार वेळा सांगितलेल्या गोष्टीत हे आलं नव्हतं. "जे मागे बघत नव्हते ते राहिले तिकडेच. मी बघायचो म्हणून आलो."

ताईने फणी उचलली. तिने त्याच्या कमरेला नवा वाख गुंडाळला, जरा ओढूनच.

"इथे मागे भिंत आहे," ती म्हणाली. "आणि भिंतीच्या अलीकडे कुणी असेल तर ओरडायचं. तोंडातल्या तोंडात नाही. पोटातून."

त्या रात्री तो झोपेत दोनदा उठून बसला म्हणे. ताई मेल्यासारखी झोपली होती, बाबांनी सांगितलं.

सकाळी वारा फिरला. छपराचे पत्रे दुसऱ्या बाजूने वाजायला लागले, त्यावरून तिला कळलं. खोळंबाने टोक जोडलं, बाबांनी चाक धरलं. तो मागे निघाला. बादली पडली. त्याची मान ताठ झाली, पण वळली नाही. मधला खांब मागे पडला. ताई बाजूने चालत होती, दोर जमिनीला लागू नये म्हणून खाली आधाराच्या घोड्या लावत. दोर बरा येत होता. सुंदर नाही, बरा.

आणि तेवढ्यात खुंटीवरची तलवार गुणगुणायला लागली.

शेडच्या मागच्या दारात दाढीवाला उभा होता. तोच झगा, तीच काठी, चेहऱ्यावर तोच भाव, की तुमचं काय चाललंय ते असू दे. तो सरळ पट्ट्यावर येऊन खोळंबाच्या पाठीमागे थांबला.

"ज्वालाभंजका," तो म्हणाला. "तू मारलंस ते पिल्लू होतं. त्याची आई जागी झाली आहे. वळ."

ताईच्या तोंडाशी शिवी आली. ती गिळून ती खोळंबाच्या बोटांकडे बघत राहिली, कारण बाकी कशाला अर्थ नव्हता. बोटं थांबली. चाक फिरत होतं, धागा पुढे सरकत नव्हता, तिथे पीळ साचून एक गाठ व्हायला लागली. बाबांनी चाक थांबवलं नाही. बाबा खाली मान घालून फिरवतच राहिले, जणू त्यांना ऐकूच आलं नव्हतं.

"वळ," दाढीवाला पुन्हा म्हणाला. "सगळं जग तुझ्याकडे बघतंय."

खोळंबाने ताईकडे पाहिलं. नुसते डोळे फिरवून, मान नाही. मग त्याने श्वास घेतला.

"सरका, दोर येतोय."

पोटातून. पत्रे वाजले. आणि तो मागे निघाला.

दाढीवाल्याला सरकायची सवय नव्हती. त्याच्यासाठी राजे सरकायचे, नद्या सरकायच्या म्हणे. तो उभाच राहिला, आणि खोळंबाची पाठ त्याच्या छातीवर बसली, आणि तो न विंचरलेल्या वाखाच्या ढिगात जाऊन पडला. बाहेर आला तेव्हा दाढी कुठली आणि वाख कुठला ते ओळखू येत नव्हतं. तो शिंकायला लागला. शिंकता शिंकता त्याने जगाच्या अंताबद्दल बरंच काही सांगितलं, पण एक अक्षर कळलं नाही. भिंतीला पाठ टेकली तेव्हा खोळंबाने टोक बांधलं, आणि मगच वळला. दाढीवाल्याला म्हणाला, की आणखी कुणी सापडलं नाही तर परत या, पण जेवणाच्या सुट्टीत. आणि ही तलवार घेऊन जा, हिच्या गुणगुणण्याने काम होत नाही.

ताईने दोरावरून बोटं फिरवली. मध्ये एका ठिकाणी जाडसर गाठ लागली, जिथे तो थांबला होता. असा दोर विकत कुणी घेणार नाही.

"कपडे वाळत घालायला ठीक आहे," ती म्हणाली.

"तू कधी निघणार?" त्याने विचारलं.

"आत्ता."

तिच्यासाठी ढोल वाजला नाही. सगळी गल्ली चौकात, तलवार घेऊन चाललेल्या शिंकणाऱ्या जादूगाराच्या मागे लागली होती. तिने गाठोडं बांधलं, बाबांच्या पाया पडली. बाबा म्हणाले, दोर कोरडे ठेव. मग ते लगेच चाकावर बसले. रिकामं बसलं असतं तर अवघड झालं असतं. खोळंबाने कमरेला वाख गुंडाळला आणि ताईच्या नेहमीच्या पट्ट्यावर नवा दोर धरला.

बंदराकडे मागच्या दारातून जवळ पडतं. ती गाठोडं घेऊन पट्ट्यावरून निघाली, दाराशी वळून पाहिलं तर त्याची पाठ तिच्याकडे येत होती. तिला वाटलं, आता हा वळेल. एकदा तरी बघेल. बघावं, असंही तिला वाटलं, आणि बघितलं तर ह्याच्या कानाखाली काढायची, असंही.

"सरका, दोर येतोय," तो ओरडला. आवाज जरा फाटला.

ती सरकली.