मंजूर म्हणण्याची योग्य पद्धत

टँकर एक दिवसाआड छबुबाईच्या गल्लीत उभा राहणार, असं आमच्या दूध संस्थेच्या सभेत एकमतानं ठरलं. असं काहीही ठरलं नाही. सभेला हजर असलेल्या कुणालाही विचारा.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. दिंद्रुडच्या अलीकडच्या आमच्या गावात संस्थेनं सभासदांच्या जनावरांसाठी टँकर लावलेला. तो अध्यक्ष बद्रीनाथअण्णांच्या गोठ्यासमोर उभा राहतो. तात्पुरता, तीन महिन्यांपासून. गावाच्या दुसऱ्या टोकाला छबुबाईची नुकतीच व्यालेली म्हैस. म्हातारी घागर घेऊन पोचेस्तवर नळीतून नुसती हवा येते. म्हैस आटली, रेडकू रेकून थकलं, म्हणून छबुबाईनं अर्ज दिला.

आमच्या सभेची पद्धत सोपी आहे. सचिव गहिनीनाथ कागद वाचायला लागतो आणि वाक्य संपायच्या आत सगळे "मंजूर! मंजूर!" ओरडतात. अहवाल मंजूर, अण्णा पुन्हा अध्यक्ष मंजूर. एकदा गहिनीनाथ नुसता खोकला, तेही मंजूर झालं. त्या दिवशी अहवालाच्या कागदांत छबुबाईचा अर्ज आला. गहिनीनाथनं वाचला. "मंजूर!" सगळ्यांत मोठा आवाज अण्णांचा.

छबुबाईनं हात जोडले, तेव्हा अण्णांना शंका आली.

"काय वाचलं बे?"

गहिनीनाथनं मान खाली घालून पुन्हा वाचलं.

"ही पद्धतच चुकीची हाय," अण्णा म्हणाले. बारा वर्षं याच पद्धतीनं निवडून आलेल्या माणसाला एका दमात लोकशाही कळली. "आदी निर्णय कसा घ्यायचा ते ठरवू. मंग निर्णय."

उत्तरेश्वर म्हणाला, हात वर करू. अण्णांनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं वर केलेल्या हातानं डोकं खाजवलं.

मग चिठ्ठ्यांचा विषय निघाला. "टाका की," टँकरचा पंप दुरुस्त करणारे जलालुद्दीनभाई म्हणाले, "पन उचलनार कोन? अण्णाच ना?"

मग सर्वानुमत निघालं. एकानंबी न्हाई म्हणलं तर विषय बाद. तो एक कोण असणार हे ठाऊक असल्यानं अण्णांना ही पद्धत लई आवडली; पण अध्यक्ष निवडतानाबी कुणी एक न्हाई म्हणू शकतो, हे ध्यानात आल्यावर त्यांनीच ती मागं घेतली.

विमलबाई उठल्या. "ज्याचं जनावर तहानलंय त्याला इचारा की. पद्धत कावून पायजे?"

लोक पोट धरून हसले. खेड्यात अजून अशी भोळी माणसं आहेत.

शेवटी योग्य पद्धत शोधायला पाच जणांची अभ्यास समिती नेमली. प्रमुख अण्णा. समिती बाहेरच्या जिल्ह्यांतल्या संस्था बघून सहा महिन्यांत अहवाल देणार, तोवर टँकर आहे तिथंच. हे सगळं कसं ठरलं म्हणता? "मंजूर! मंजूर!"

"तवर म्हशीला काय सांगू, अण्णा?" छबुबाईनं विचारलं.

"लेखी द्या, मावशी. तोंडी मागायची पद्धत अजून ठरली न्हाई."

जलालभाईंनी तिथंच मांडीवर कागद घेतला, लिहिला, आणि छबुबाईनं खाली अंगठा उठवला:

"मा. अध्यक्ष साहेब यांस. विषय: म्हशीच्या तहानेस स्थगिती मिळणेबाबत. उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, समितीचा अहवाल प्राप्त होईपर्यंत अर्जदाराच्या म्हशीने तहानू नये, तसेच रेडकाने दुधाचा आग्रह धरू नये, असे लेखी आदेश आपल्या स्तरावरून सदर दोन्ही जनावरांस तात्काळ निर्गमित व्हावेत, ही नम्र विनंती."