भोक नसलेला पडदा

१९६८ सालची गोष्ट. मुक्ताबाई भालेराव मळवलीहून लोणावळ्याला आगाशेबाईंच्या प्रयोगशाळेत कामाला जात. प्रयोगशाळा म्हणजे भाड्याच्या बंगल्यातल्या दोन खोल्या. हायड्रोजन आणि हवेपासून वीज काढायची, म्हणून आगाशेबाई तिथे प्लास्टिकचे पातळ पडदे ओतून आम्लात मुरवत. ते धुवायचं आणि तपासायचं काम मुक्ताबाईंचं. पडदा दोन चकत्यांमध्ये आवळायचा, एका बाजूने हायड्रोजन सोडायचा, दुसऱ्या बाजूला साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की पडद्याला भोक. सोळा पडदे असेच वाया गेले होते.

सतराव्यावर अर्धा तास बुडबुडा आला नाही. बाईंनी तो ओलाच उचलून प्लॅटिनमची काळी पूड लावलेल्या दोन जाळ्यांमध्ये बसवला. एकीकडून हायड्रोजन सोडला, दुसरीकडून हवा. जाळ्यांना तारेने जोडलेल्या मीटरचा काटा थरथरला, वर चढला आणि तिथेच राहिला.

बाई खुर्चीत बसल्या. मुक्ताबाई मात्र हवेच्या बाजूची नळी बघत होत्या. तिथे एक थेंब जमला होता.

"बाई, माज्याकडनं चूक झाली. कुटंतरी गळतंय."

"गळत नाही, मुक्ताबाई. ते पाणी आत्ता तयार झालंय. हायड्रोजनमधला इलेक्ट्रॉन तारेतून गेला, तीच ही वीज. उरलेला गाभा पडद्यातून पलीकडे गेला आणि हवेतल्या ऑक्सिजनला मिळाला."

"पडदा वलाच बसवलाय न्हवं? त्येचंच पानी असंल."

बाई हसल्या नाहीत. "शंका रास्त आहे. पण पडद्यात फार तर पाच-सहा थेंब मावतात. नळीखाली बाटली ठेवा. दिवसभर चालू देऊ."

पाच वाजता बाटलीत बोटभर पाणी होतं. मुक्ताबाईंनी पडदा सोडवला, पुन्हा चकत्यांमध्ये आवळला, साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही. मग त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. सगळीकडून सारखा, सलग.

"ह्यातनं वारासुदिक जात न्हाई," त्या हळूच म्हणाल्या. "आन् एवडं पानी हुईल इतकं कायतरी गेलं. आपल्या म्होरं गेलं, आन् दिसलं न्हाई."

"मी वीस वर्षं हे फळ्यावर लिहून शिकवलं," बाई म्हणाल्या. "घडताना आज पाहिलं."

मुक्ताबाईंनी बाटलीतलं थोडं पाणी तळहातावर घेतलं. मग हात पुसून त्यांनी पडद्यांच्या नोंदींची वही ओढली. सातवीपर्यंत शिकलेलं अक्षर, मोठं आणि सुटं. सतराव्या आकड्यापुढे त्यांनी लिहिलं: भोक नाही. पाणी आले.

बाईंनी त्याखाली तारीख घातली, सही केली.